गवत गेले कशाने?

गवताचा तुकडा मेला की आपण आधी नव्या गवताची किंमत विचारतो. जुने कशाने गेले, हे विचारायचे राहून जाते. माझ्या मते खरा खर्च तिथेच वाढतो. शाळेच्या मैदानाला हे जितके लागू आहे, तितकेच जंगलातल्या कुरणालाही.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या आवारात लॉन लावण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे. रोपवाटिकेतून मातीसकट कापलेले गवत येते, अंथरले जाते, फोटो निघतात. मग मे महिना येतो, पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि जिथे जुने गवत मेले होते नेमके तिथेच नवेही मरते. नळाकडे जाणाऱ्या पोरांची वाट तीच असते, मोटारसायकली तिथेच लागतात, चिंचेची सावली तेवढीच दाट असते, बांधकामाची उरलेली गिट्टी मातीत तशीच पडून असते.

रोज पाय पडणाऱ्या मातीतली पोकळी मिटते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. अशा जागेवर वरून कितीही महाग गवत अंथरले तरी ते उपाशीच राहणार. त्यापेक्षा सब्बल किंवा कुदळ घेऊन वरची चार बोटे माती मोकळी करावी, गिट्टी वेचून काढावी, कुजलेले शेणखत मिसळावे. मृगाचा पाऊस स्थिरावला की धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून हरळी आणावी. हीच हरळी शेतकरी शेतातून वैतागून खणून काढतो आणि हिचीच जुडी गणपतीला वाहतो. पेरे असलेले तुकडे वीतभर अंतरावर मातीत दाबले की पेरापेरातून मुळे फुटतात आणि चार दिशांना धुमारे सुटतात. आमच्याकडे पावसाळा दमदार असल्याने पाण्याचाही फारसा खर्च नाही. दाट सावलीत मात्र हरळी टिकत नाही. तिथे हट्ट सोडावा. आणि पोरांची पायवाट कायमचीच असेल, तर ती वाट मान्य करून तिथे फरशा टाकाव्यात. प्रत्येक उघडी जागा ही जखम नसते.

इथवर सगळे स्वस्त आहे. महाग आहे ते पुढचे: मुळे धरेपर्यंत तिथे कोणी पाय द्यायचा नाही, गुरे सोडायची नाहीत, गाडी लावायची नाही. हे पैशाने विकत मिळत नाही. त्यासाठी त्या जागेवरून जाणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते, आणि आपल्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी रकाना नसतो.

ताडोब्यातली कुरणे पाहताना हा हिशेब अधिक कठोरपणे समोर येतो. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे व्याघ्रप्रकल्पातून बाहेर हलवली गेली, आणि त्यांच्या शेतांवर आज गवत उभे आहे. चितळ तिथे चरतात, चितळांमागून वाघ येतो. जमीन मोकळी झाली म्हणून चांगले गवत आपोआप येते असे नाही. तरोटा आणि रानतुळस आधी जागा बळकावतात. त्यांचे बी पडण्यापूर्वी ती उपटावी लागतात, आणि तेही एका वर्षात संपत नाही. पण या दुरुस्तीची सर्वांत मोठी किंमत मजुरीच्या हिशेबात दिसणार नाही. ती गाव सोडून गेलेल्या माणसांनी दिली आहे. त्या कुरणांचे कौतुक करताना हे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

माणसे न हलवताही जमीन सुधारते, याचा दाखला ताडोब्याच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये एक हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. तरी गावाने तो तोडणे थांबवायचे ठरवले. चांगली पाने फुटावीत म्हणून झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि आगीत पालापाचोळा गेला की उघड्या मातीवर पहिल्याच पावसाचा मारा बसतो. गावाने या कारणालाच हात घातला. कमाईसाठी बांबू होता, म्हणून हे झेपले, हेही खरे. रिकाम्या पोटी संयम शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशात पुढे आले. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो. पण जो नियम सगळ्यांनी मिळून केला, त्याला रखवालदार कमी लागतो.

शाळेच्या मैदानालाही हेच चालेल. कुठे पाय द्यायचा नाही हे मुलांनीच ठरवले, काटेरी फांद्यांचे कुंपण त्यांनीच घातले, तर पाटी लावावी लागणार नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना एवढीच विनंती: येत्या मृगाआधी लॉनचे दरपत्रक मागवू नका. आधी त्या उघड्या जागेवरून कोण, कधी, कशासाठी जाते ते आठवडाभर पाहा. मग त्यांनाच बोलावून विचारा. हरळी कोणत्याही धुऱ्यावर फुकट मिळेल.