ब्रेक नसलेल्या गाडीवरचा एक क्षण

पडक्या देवळासाठी किंवा बुजविलेल्या विहिरीसाठी कुणी हळहळले, तर ते आपल्याला समजते. परंतु मोटारसायकलींच्या शर्यतीच्या मैदानासाठी कुणाचे डोळे पाणावले, तर आपण सहज हसू. त्या हसण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात हाइड रोडवर बेल व्ह्यू नावाचे असे एक मैदान होते. प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या या मैदानावर 1929 पासून ‘स्पीडवे’च्या शर्यती होत. संग्रहालय 1977 मध्ये बंद झाले; 1 नोव्हेंबर 1987 रोजी मैदानावरची शेवटची शर्यत झाली. जागा विकली गेली आणि तेथे जुन्या मोटारींचे लिलाव होऊ लागले. संघ मात्र टिकला, आणि 2016 साली जवळच त्याच्यासाठी नवे मैदान उभे राहिले. तरीही जुनी माणसे हाइड रोडचेच नाव काढीत राहिली.

हा खेळ विलक्षण आहे. चार स्वार, चार फेऱ्या, आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचे चाक घसरू द्यायचे, डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि केवळ तोलाच्या बळावर गाडी काबूत ठेवायची. पीटर क्रेव्हन या कलेत इतका निपुण होता, की लोक त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत. बेल व्ह्यूचा हा लहानखुरा स्वार 1955 आणि 1962 साली जगज्जेता झाला. 20 सप्टेंबर 1963 रोजी एडिनबरो येथील शर्यतीत त्याच्या पुढचा स्वार कोसळला. त्याला चुकविण्यासाठी क्रेव्हनने गाडी वळविली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी त्याचे निधन झाले. त्याचे वय अवघे 29 वर्षांचे होते.

येथे प्रश्न उभा राहतो. ज्या कृतीपूर्वी विचाराला क्षणभरही अवसर नव्हता, तिला त्याग म्हणावे काय? ती तर केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, असे कुणी म्हणेल. क्रेव्हनच्या मनात त्या क्षणी काय आले, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याला हुतात्मा ठरविण्याची घाई आपण करू नये. परंतु ॲरिस्टॉटलने सांगितले आणि संत थॉमस अक्वायनसने पुढे मांडले, की सद्गुण सरावाने अंगी बाणतो. तसे असेल तर विचार न करता घडलेली कृती मूल्यहीन ठरत नाही. उलट माणूस आतून कसा घडला आहे, हे तीच दाखविते. वादन करताना निष्णात वादक बोटांचा विचार करीत नाही. म्हणून ते संगीत त्याचे नव्हे, असे आपण म्हणतो काय? पडलेल्याला चिरडायचे नाही, हा स्पीडवेच्या स्वाराचा धर्म. तो शेकडो शर्यतींतून हातापायांत मुरलेला असतो.

मग मैदान म्हणजे केवळ माती आणि कुंपण नव्हे. माणसे घडण्याची ती एक शाळा असते. क्रेव्हनच्या नावाने बेल व्ह्यूला पुढे स्मृतिचषकाच्या शर्यती होत राहिल्या, त्या ज्याने विजय मिळविला त्याच्यासाठी, आणि ज्याने गाडी वळविली त्याच्यासाठीही.

आपल्या आयुष्यातही मोठी परीक्षा बहुधा अवचितच येते. त्या वेळी विचाराला सवड नसते. आपण रोज जे गिरविले, तेच हातून घडते. म्हणून एखादे जुने मैदान, शाळा किंवा आळी नाहीशी झाली म्हणून कुणी हळहळला, तर त्याला हसू नये. तो मातीसाठी रडत नसतो. तेथे आपण काय शिकलो, ते त्याला आठवत असते.