ऐपत असूनही आश्रित

चैत्र लागला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-सांगलीहून बसगाड्या भरून माणसे गुजरातेत रामपुऱ्याला जातात. एरवी पश्चिमेला वाहणारी नर्मदा तिथून तिलकवाड्यापर्यंत उत्तरेकडे वळलेली आहे, आणि नदी उत्तरवाहिनी झाली की तिचे पुण्य वाढते ही समजूत काशीच्या गंगेइतकीच इथेही पक्की. या तुकड्याची प्रदक्षिणा सुमारे वीस किलोमीटरची. नदी उजव्या हाताला ठेवून मांगरोळ, गुवार करत तिलकवाड्याच्या समोर यायचे, नावेने पलीकडे जायचे, त्या काठाने रेंगणपर्यंत परतायचे आणि पुन्हा नावेने रामपुरा. सराईत माणूस पहाटे अंधारात निघतो आणि ऊन चढायच्या आत बरेचसे उरकतो. गरुडेश्वर जोडून, काठावर मुक्काम करत तीन-चार दिवस लावणारे थोडे. मला विचाराल तर शहाणे तेच.

मोठी परिक्रमा केलेल्यांना हे सवलतीच्या दरातले पुण्य वाटते. त्यांचा हिशेब ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांचा. १,३१२ किलोमीटरची नदी दोन्ही काठांनी चालायची, जवळ पैसा ठेवायचा नाही, मिळेल ते सदाव्रत घ्यायचे आणि नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. इथे तर नावेत बसल्याशिवाय फेरीच पुरी होत नाही. आक्षेप खोटा नाही, पण नेम चुकलेला आहे. अमृतलाल वेगड हे जबलपूरचे चित्रकार, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली त्यांनी नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली ती तुकड्यातुकड्यांनी, जमेल तशी, कित्येक वर्षे. त्यांची पुस्तके वाचताना कुठलाही तुकडा अपुरा वाटत नाही. अंतर कमी पडले म्हणून परिक्रमा उणी होत नाही.

ती उणी होते चालणारा कुणाचाही मिंधा झाला नाही तर. मोठ्या परिक्रमेत बँकेत पैसे असलेला माणूस कुडाच्या घरापुढे उभा राहून पीठ-डाळ मागतो, ओसरीवर आसन लावू का म्हणून विचारतो. आपल्या मध्यमवर्गीय आयुष्यात हे असे उभे राहणे कुठेच येत नाही. आपण देणगी देतो, ८०जीची पावती घेतो आणि मोकळे होतो. दिलेले घ्यायचे कसे, घेऊन परत न फेडता पुढे कसे जायचे, याची आपल्याला सवयच नाही.

गुवारच्या अलीकडे केळीच्या बागेला लागून एक घर होते. अंगणात बाज, बाजेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ताक देणारी म्हातारी. आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी ताक पिऊन पन्नासाची नोट पुढे केली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. गृहस्थांनी नोट गुपचूप पेल्याखाली ठेवली आणि चालू लागले. शंभरेक पावले गेलो असू, तिचा नातू धापा टाकत मागून आला, नोट त्यांच्या हातात कोंबून म्हणाला, "बा ना पाडे छे," आणि पळाला. त्यानंतर तिलकवाडा येईपर्यंत त्यांचे चालण्यात लक्ष नव्हते. ते पैसे कुठल्या आश्रमात देता येतील, की गावच्या शाळेला वह्या पाठवाव्यात, एवढाच विषय. ताकाने त्यांना पायाच्या फोडांपेक्षा जास्त त्रास दिला, आणि माझ्या मते त्यांची परिक्रमा तिथे सुरू झाली.

सहल कंपन्यांनी नेमका हाच त्रास काढून टाकला आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात नाश्त्याचा डबा, पलीकडच्या घाटावर बस हजर. पैसे आधीच भरलेले असल्याने घाटावर रांग लागली की माणूस परिक्रमावासी राहत नाही, गिऱ्हाईक होतो आणि व्यवस्थेवर चिडतो. उरलेसुरले देणेही आपण आपल्याकडे ओढून घेतो: पिशवीतून चॉकलेटे आणि पेने काढायची आणि काठावरच्या पोरांना वाटायची. ती पोरे आता "नर्मदे हर" म्हणता म्हणताच हात पुढे करतात. ही सवय त्यांना नदीने लावलेली नाही.

गर्दी एवढी असताना सोयी नकोत असे म्हणणे मात्र दुष्टपणाचे होईल. बायकांना शौचालय हवे, नावेत जास्त माणसे कोंबली जाऊ नयेत, हे सरकारनेच बघायला हवे. तरीही मंडपातल्या जेवणावळीच्या रांगेत उभे राहिले की ओसरीवरची हाक ऐकू येत नाही, हा तोटा आहेच. गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, १९१४ साली समाधिस्थ झाले. कोकणातल्या माणगावचा हा माणूस देशभर पायी हिंडला तो भिक्षेवर. त्यांच्या समाधीपुढे वातानुकूलित बसगाड्या उभ्या असतात, त्यावर मी टीका करणार नाही. मीही एकदा त्यातल्याच एकीतून उतरलो आहे.

मोठ्या परिक्रमेत मिंधेपणाची सक्तीची तजवीजही होती, ती म्हणजे शूलपाणीची झाडी. तिथले भिल्ल परिक्रमावासींना लुटत, कधी लंगोटीपर्यंत. लुटले गेलेले त्यांना मामा म्हणत आणि मैयाची इच्छा म्हणून पुढे चालत. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचून तिकडे ओढल्या गेलेल्या मराठी वाचकाला हे मामा चांगले ठाऊक आहेत. त्या मामांचे पुढे काय झाले, हे त्याला तितकेसे ठाऊक नसते. सरदार सरोवर आले. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर बुडाले, नवे गोरा येथे बांधले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नर्मदेचा छोटासा काठ, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे, मणिबेलीपासून पाण्याच्या तोंडी गेली. देव हलवायला जमीन मिळाली. मणिबेली परिसरातल्या माणसांना ती मिळवायला वर्षानुवर्षे भांडावे लागले. चालायची वाटही काठ सोडून लांब गेली.

उत्तरवाहिनीचा पट्टा या धरणाच्या खाली येतो. इथले पाणी चढते-उतरते ते वरून किती सोडले त्यावर, आणि नावा चालणार की थांबणार हेही त्यावरच. त्या धरणावर होणाऱ्या विजेपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. वीस किलोमीटर चालून घरी परतलेला माणूस सुजलेले पाय शेकायला गीझर लावतो, तेव्हा त्याच्या पन्नासाच्या नोटेचा विषय कधीच संपलेला असतो. या २७ टक्क्यांची पावती त्याला कुणी मागत नाही, आणि यात्रेच्या पत्रकावर मणिबेलीचे नाव कुठे दिसत नाही.