ईश्वराची ओळख : कॅथोलिक शिकवणुकीतील वाट

ईश्वर माणसाला कळू शकतो, पण तो माणसाच्या आकलनात पूर्णपणे मावत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणातील ईश्वरविषयक सगळा विचार या दोन विधानांवर उभा आहे. पहिले विधान सोडले तर श्रद्धेला बुद्धीचा आधार उरत नाही. दुसरे सोडले तर माणूस आपल्याच मापाचा देव घडवून त्याची पूजा करू लागतो. चर्चच्या इतिहासात दोन्ही टोकांकडे ओढ लागलेली दिसते आणि दोन्ही वेळा चर्चने ती रोखली आहे. एखाद्या श्रद्धावंताची ईश्वराविषयीची समज वयाबरोबर खोल कशी होत जाते, हा प्रश्न या दोन विधानांना एकत्र धरूनच सोडवावा लागतो.

पहिल्या विधानाची स्पष्ट मांडणी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने २४ एप्रिल १८७० रोजी 'देई फिलिउस' या दस्तऐवजात केली. निर्माण झालेल्या वस्तूंवरून, बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात, ईश्वराचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते, असे परिषदेने शिकवले. संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात हा विचार आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात त्यासाठी पाच मार्ग मांडले. त्यातला तिसरा मार्ग आजच्या वाचकालाही सहज भिडतो. डोळ्यांसमोरची प्रत्येक वस्तू नसतीही तरी चालले असते. डोंगर, झाड, तारा, स्वतः विचार करणारा माणूस, यांपैकी कोणाचेच असणे अनिवार्य नाही. मग मुळात काहीतरी आहे, हे कसे? ज्याचे असणे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, असे काही असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गांतून हे पाच मार्ग नेहमी शिकवले जातात, पण त्यानंतर अक्वायनस लगेच काय म्हणतात याकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि हे मोठे नुकसान आहे. ईश्वर आहे हे दाखवून झाल्यावर पुढच्याच प्रकरणाच्या आरंभी ते सांगतात की, ईश्वर काय आहे हे आपल्याला जाणता येत नाही. तो काय नाही, एवढेच जाणता येते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने हीच मर्यादा अधिक नेमकी केली होती : निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्यांच्यातला भेद त्याहून मोठाच राहतो.

ही केवळ तत्त्वज्ञांची काळजी नाही. 'पिता' या शब्दाचेच पाहावे. ज्याचे वडील घरी दारू पिऊन मारझोड करत, त्याला 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणताना घशात काहीतरी अडकते. अशा माणसाला श्रद्धेचा अभाव आहे असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाने या अडचणीची दखल घेतली आहे. मानवी आईबाप चुकतात, पितृत्वाचा आणि मातृत्वाचा चेहरा विद्रूप करू शकतात, आणि ईश्वर स्त्री नाही व पुरुषही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात ईश्वराच्या ममतेची तुलना आईच्या ममतेशी केलेली आहे, याकडेही चर्च लक्ष वेधते. म्हणजे वडिलांवरून ईश्वर मोजायचा नसतो. उलट, ईश्वराच्या पितृत्वापुढे वडिलांनाही जाब द्यावा लागतो. हे उमगले की कित्येकांची लहानपणापासून अडलेली प्रार्थना मोकळी होते.

बुद्धी दारापर्यंत आणून सोडते. पुढची ओळख ईश्वर स्वतः करून देतो, त्याला चर्च प्रकटीकरण म्हणते. या विषयावरचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज म्हणजे 'देई व्हर्बुम'. तो १८ नोव्हेंबर १९६५ रोजी २३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. ईश्वर आपल्या अपार प्रेमापोटी माणसांशी मित्रांशी बोलावे तसे बोलतो, आणि तो कृती व शब्द यांतून स्वतःलाच देतो, असे हा दस्तऐवज सांगतो. या प्रकटीकरणाची पूर्णता येशू ख्रिस्तात आहे. ख्रिस्तात ईश्वराचा चेहरा दिसतो, म्हणून कॅथोलिक शिकवणुकीत ईश्वराविषयीचा प्रत्येक प्रश्न शेवटी येशूच्या जीवनाकडे वळतो. तो कोणाबरोबर जेवला, कोणाला शिवला, कोणावर रागावला, क्रुसावर कोणाला क्षमा केली, हे पाहावे लागते.

पवित्र त्रैक्याची शिकवणही याच वाटेने आली. ३२५ साली निकाया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदांनी पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे ईश्वरत्व श्रद्धासूत्रात बांधले. आरियस या धर्मगुरूच्या मते पुत्र हा सर्वश्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच होता. निकायाने हे नाकारले. तसे असते तर ख्रिस्तात माणसाला भेटला तो ईश्वर नव्हे, ईश्वराचा एक प्रतिनिधी, असे म्हणावे लागले असते. त्रैक्याला गणिताचे कोडे समजून अनेक जण बाजूला ठेवतात. वास्तविक ते प्रार्थनेचे व्याकरण आहे. मिस्सातील मुख्य प्रार्थना पित्याला उद्देशून, पुत्राच्या द्वारे आणि पवित्र आत्म्याच्या ऐक्यात केली जाते. प्रेम ही ईश्वराची सवड मिळाल्यावरची कृती नसून त्याचे स्वतःचे आंतरिक जीवनच प्रेमाचे आहे, हा त्याचा आशय.

एवढी शिकवण पाठ असलेला माणूसही ईश्वरापासून दूरच राहू शकतो. या दुखण्याचे सर्वांत नेमके निदान जॉन हेन्री न्यूमन यांनी केले. अँग्लिकन धर्मगुरू असलेले न्यूमन १८४५ मध्ये कॅथोलिक झाले, १८७९ मध्ये कार्डिनल आणि २०१९ मध्ये संत. 'देई फिलिउस' ज्या १८७० साली निघाला, त्याच साली त्यांचा 'ग्रामर ऑफ असेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एखाद्या विधानाला माणूस दोन प्रकारे संमती देतो, असे त्यांनी त्यात दाखवले. एक संमती कल्पनेला दिलेली असते. वाक्य पटलेले असते, पण त्याने आयुष्यात काही हलत नाही. दुसरी संमती वास्तवाला दिलेली असते. तिथे वाक्यामागची गोष्टच समोर उभी राहते आणि माणूस बदलतो. त्यासाठी न्यूमन शाळकरी मुलाचे उदाहरण देतात. होमर किंवा होरेस यांच्या ओळी तो लहानपणी पाठ करतो, त्या छान आहेत असे म्हणतो, त्यांची नक्कलही करतो. पुढे आयुष्याचे टक्केटोणपे खाल्ल्यावर त्याच ओळी एके दिवशी त्याच्या काळजाला भिडतात. ओळी बदललेल्या नसतात.

ईश्वराच्या बाबतीत ही वास्तव संमती कोठून येते? न्यूमन सदसद्विवेकबुद्धीकडे बोट दाखवतात. चूक केल्यावर, कोणी पाहिलेले नसतानाही, माणसाला लाज वाटते, भीती वाटते, कोणाला तरी उत्तर द्यायचे आहे असे वाटते. निर्जीव वस्तूपुढे कोणी शरमत नाही. त्या शरमेत एका व्यक्तीची चाहूल आहे, आणि मूलसुद्धा ती ओळखते. कॅथोलिक परंपरेत रोज रात्री आत्मपरीक्षणाचा आग्रह धरला जातो, तो याचसाठी. दिवसभरात कुठे हाक आली आणि कुठे ती टाळली, हे पाहणे म्हणजेच ईश्वराला व्यक्ती म्हणून ओळखणे. पापनिवेदनाचा संस्कार याचाच पुढचा टप्पा असतो.

न्यूमन यांनी ज्याला नाव दिले, ते चांगल्या धर्मशिक्षकांना आधीपासून माहीत होते. विल्टशायरमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि चार दशके साष्टी प्रांतात राहिले. त्यांच्या नावावर दोन वेगळ्या प्रकारची पुस्तके आहेत. एक प्रश्नोत्तररूप 'दौत्रिना क्रिस्तां'. ते कोकणीत आहे आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दुसरे मराठीतले 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये तेथेच छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. प्रश्नोत्तरांतून श्रद्धेचा आशय नेमका कळतो, तर पुराणातून तो ऐकणाऱ्याच्या मनात घर करतो. नव्या ख्रिस्ती समाजाला ईश्वराची ओळख व्हायची तर दोन्ही लागतील, हे स्टीफन्स यांनी जाणले होते. आजच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बहुतेक ठिकाणी प्रश्नोत्तरे तेवढी उरली आहेत, ही खेदाची बाब आहे.

कल्पनेकडून वास्तवाकडे नेणारी परंपरेतली सर्वांत जुनी रीत म्हणजे पवित्र वाचन. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. उदाहरणादाखल मार्कच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा शेवट घ्यावा. यरीहो गावाबाहेर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी रस्त्याकडेला बसला आहे. येशू जातो आहे हे कळताच तो ओरडू लागतो, लोक त्याला दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो. आंधळा अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. येथे वाचकाने थांबावे. भिकाऱ्याचे ते वस्त्र म्हणजे त्याचे अंथरूण, पांघरूण, कदाचित भिक्षा गोळा करायची जागाही. ते त्याने टाकले, तेही दृष्टी मिळण्याआधी. मग येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे, अशी तुझी इच्छा आहे? समोरचा आंधळा आहे हे दिसत असूनही तो विचारतो. माणसाच्या तोंडून त्याची गरज ऐकणारा, त्याच्या इच्छेला मान देणारा हा ईश्वर आहे. वाचकाने तो प्रश्न स्वतःला विचारलेला ऐकला आणि खरे उत्तर दिले, की मननाची प्रार्थना होते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी याच रीतीला शिस्त दिली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात प्रसंग डोळ्यांपुढे आणणे, माणसे पाहणे, त्यांचे बोलणे ऐकणे आणि शेवटी ख्रिस्ताशी मित्रासारखे बोलणे, असा क्रम आहे. पुष्कळ जाणल्याने आत्मा तृप्त होत नाही, थोडेच पण आतून चाखल्याने होतो, हे त्यांनी आरंभीच बजावले आहे.

एकट्याने केलेल्या वाचनाला मिस्साची जोड नसेल, तर वाचक आपल्याला आवडणारा ईश्वर निवडू लागतो. रविवारच्या मिस्सातील वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात, त्यामुळे नकोसे उतारेही ऐकावेच लागतात. १९६३ च्या 'साक्रोसांक्तुम कोंचिलियुम' या दस्तऐवजाने लोकभाषांना उपासनेत वाट मोकळी केल्यापासून वसईच्या धर्मग्रामांत हे सारे मराठीत ऐकू येते. वाचनानंतर भाविक वेदीपाशी जातो आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतो. तिथे आकलनाचा भर ऐकण्यावरून ग्रहण करण्यावर जातो. जो समजून घ्यायचा, त्यानेच स्वतःला अन्न म्हणून दिले आहे, अशी कॅथोलिक श्रद्धा आहे.

या वाटेवर कोरडा काळ येतो, आणि त्याविषयी चर्चने मौन पाळलेले नाही. अव्हिलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ साली 'अंतरीचा किल्ला' लिहिताना आत्म्यातील सात दालने वर्णिली. त्याच वर्षअखेरीस त्यांचे सहकारी संत जॉन ऑफ द क्रॉस यांना त्यांच्याच संघातील विरोधकांनी टोलेडो येथे कोंडले. ईश्वर जवळ येतो तेव्हा आधीच्या गोड भावना विझतात आणि जुन्या कल्पना मोडतात, ही त्यांची शिकवण पुढे अनेकांना आधार देणारी ठरली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अनेक दशके असा अंधार सोसल्याचे जगाला कळले. त्यांनी सेवा आणि प्रार्थना कधी थांबवली नाही. येथे एक भेद करावाच लागतो. झोप उडणे, कशातच रस न वाटणे, जगावेसे न वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आध्यात्मिक मार्गदर्शकाइतकाच डॉक्टरही हवा.

वैयक्तिक अनुभव खरा की भास, हे ठरवायला चर्चकडे कसोट्या आहेत. खाजगी साक्षात्कार कितीही प्रसिद्ध असला, तरी तो ख्रिस्तातील प्रकटीकरणात भर घालू शकत नाही. त्याच वेळी 'देई व्हर्बुम' हेही सांगतो की प्रेषितांकडून आलेल्या ठेव्याची समज चर्चमध्ये वाढत असते. ती बिशपांच्या उपदेशाने वाढते, तशीच मनन, अभ्यास आणि आंतरिक अनुभव यांतून सामान्य श्रद्धावंतांमुळेही वाढते. घरी जपमाळ ओढणाऱ्या आजीचे या ठेव्यात स्थान आहे, ही गोष्ट धर्मपंडितांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मात्र सर्वांत कठोर कसोटी योहानाच्या पहिल्या पत्रात आहे : जो प्रेम करत नाही, त्याला ईश्वर कळलेला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला, परक्याला, कैद्याला दिलेल्या वागणुकीवरच निवाडा होतो. शेजाऱ्याशी दुष्टाव्याने वागणाऱ्याचे उत्कट अनुभव चर्चच्या लेखी संशयास्पद ठरतात.

ज्याला सुरुवात करायची आहे, त्याने आधी जाड ग्रंथ उघडू नयेत. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे आणि एका बैठकीत वाचून होते. ते एकदा सलग वाचावे. नंतर रोज एक प्रसंग घ्यावा आणि रविवारी तो मिस्सात घेऊन जावा. अक्वायनस आणि न्यूमन त्यानंतर हाती घेतले, तर ते कितीतरी अधिक कळतात.