दोन स्ट्रोकांमधला वेळ

वल्हवणाऱ्याला घड्याळ बघता येत नाही. दोन्ही हात वल्ह्याला गुंतलेले, पाठ नाव निघाली आहे त्या दिशेला, नजर समोर बसलेल्याच्या पाठीवर. पाते पाण्याबाहेर आले की ते आडवे करण्यासाठी मनगट मुडपावे लागते, आणि तीनच्या अंकाशी बाहेर आलेली घड्याळाची चावी नेमकी पंज्याच्या मागच्या बाजूला रुतते. नौकानयनाच्या परंपरेवर मनगटी घड्याळ बेतायला बसलेल्याने आधी एवढे मनाशी पक्के करावे, की हे घड्याळ काठावरच्या माणसाचे आहे. टेम्सच्या कडेने नावेच्या बरोबरीने सायकल हाणत, ओरडून सूचना देत जाणाऱ्या प्रशिक्षकाचे.

परंपरा म्हटले की हात आधी रंगांकडे जातो. ऑक्सफर्डचा गडद निळा, केंब्रिजचा हिरवट झाक असलेला फिका निळा, १८१८ साली निघालेल्या लिअँडर क्लबचा गुलाबी. काट्यांना वल्ह्यांचा आकार, मागच्या झाकणावर कोरलेली नाव. हे देखणे खरेच असते. पण परंपरेचा अर्धा भाग त्यातून गळतो, आणि तोच मला मोलाचा वाटतो. टेम्सवरची सर्वांत जुनी शर्यत विद्यापीठांची नाही. ती १७१५ साली थॉमस डॉगेट या आयरिश नटाने सुरू केली, नुकतीच उमेदवारी पुरी केलेल्या नावाड्यांसाठी. लंडन ब्रिज ते चेल्सी, सुमारे साडेसात किलोमीटर. जिंकणाऱ्याला लाल डगला आणि बाहीवर मिरवायचा चांदीचा मोठा बिल्ला. पोटासाठी उतारू इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाचा हा मान. विद्यापीठांची शर्यत त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १८२९ साली आली. पुढे टेम्सवरच्याच हेन्ली इथल्या नौकाशर्यतींच्या संयोजकांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या केली आणि कारागीर, यंत्रकामगार, मजूर यांना शर्यतीबाहेर ठेवले. तो नियम १९३७ पर्यंत टिकला. कानस आणि चिमटा घेऊन घड्याळाची चाके घासणारा माणूस त्या नियमाने हेन्लीच्या पाण्यात उतरू शकला नसता. म्हणून या घड्याळात दंडावरच्या त्या बिल्ल्याचा ठसठशीतपणा यावा: रुंद, साधी, कामाची तबकडी. नाजूकपणा इथे शोभत नाही.

आता तबकडीवर काय असावे? प्रशिक्षकाला हवा असतो मिनिटाचा स्ट्रोकदर. पूर्वापार पद्धत अशी: पाते पाण्यात शिरले की कळ दाबायची, तीन पुरे स्ट्रोक मोजायचे, आणि पुढचे पाते शिरताना पुन्हा दाबायची. काटा थांबतो तिथे आकडा लिहिलेला असतो. तीन स्ट्रोकांना सहा सेकंद लागले तर दर तीस, पाच लागले तर छत्तीस, नऊ लागले तर वीस. डॉक्टरांच्या जुन्या घड्याळांवर नाडी मोजायची पट्टी असे, तिचीच ही बहीण. पण इथे एक अडचण आहे आणि घड्याळाचे सगळे कसब तिच्यात आहे. अठरा ते चाळीस हे उपयोगाचे बहुतेक दर दहा आणि साडेचार सेकंदांच्या मध्ये बसतात. साठ सेकंदांत फेरी मारणारा काटा असेल, तर ही सगळी पट्टी तबकडीच्या जेमतेम अकराव्या हिश्शात दाटते. हलत्या सायकलवरून ती वाचायची कशी? तीनऐवजी दहा स्ट्रोक मोजले तर पट्टी ऐसपैस पसरते. मात्र दहा स्ट्रोकांची सरासरी म्हणजे मधे घडलेले सगळे पुसून टाकणे. सातव्या स्ट्रोकला नाव ढिली पडली होती, हे ती सरासरी कधीच सांगत नाही. माझा कौल तीन स्ट्रोकांना आणि दहा सेकंदांत एक फेरी पुरी करणाऱ्या काट्याला. मग तीच पट्टी अर्ध्याहून अधिक तबकडी व्यापते. एवढा वेगवान काटा कमानीची ताकद जास्त खातो, चावी लवकर द्यावी लागते. ते सोसावे.

बटणे कुठे, हेही यातूनच ठरते. हातातले स्टॉपवॉच अंगठ्याने दाबले जाते, म्हणून चावी आणि बटणे बाराच्या अंकाच्या बाजूला, वरच्या कडेला. १९६९ मध्ये ओमेगाने मोटारशर्यतींसाठी 'बुलहेड' नावाचे तशा ठेवणीचे घड्याळ काढले होते. चावी वर गेली की पंज्यामागे रुतण्याचा प्रश्नही मिटतो.

नौकानयनात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की नाव सर्वाधिक वेगात असते तेव्हा पाते पाण्यात नसते. १८७३ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत सरकत्या बैठका आल्या. ओढ संपवून आठ जणांची शरीरे नावेच्या मागच्या टोकाकडे सरकतात, तेव्हा त्यांच्या पायांखालचा सांगाडा पुढे झेपावतो. ही परतीची सरक घाईने केली तर ओढीची कमाई वाया जाते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची १९२८ पासूनची रेगाटा ज्यांनी काठावरून पाहिली आहे, त्यांना तो क्षण ओळखीचा असेल: वल्ही हवेत, नाव मात्र पळते आहे.

घड्याळातही असेच काही चालते. थॉमस मज या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकात शोधून काढलेल्या लिव्हर एस्केपमेंटमध्ये बॅलन्स चाकाला, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाला, दर झोक्यात निमिषभर ढकल मिळते. उरलेला बहुतेक झोका ते मोकळे फिरते. त्याला मोकळे सोडले म्हणूनच ते वेळ नीट राखते. साम्य पुरे नाही, कारण चाकाला ढकल मिळते ती ऐन वेगात, नावेला वेग येतो तो ओढीनंतर. तरी संपूर्ण तबकडीत एखादे यंत्र उघडे दाखवायचे असेल, तर मी हेच चाक दाखवीन.

आता नावेत बसवलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्ट्रोकदर आपोआप सांगतात, मग हा सगळा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. उपकरण आकडा देते, पण पाहायला लावत नाही. या घड्याळाची कळ पाते पाण्यात शिरतानाच दाबायची असल्यामुळे प्रशिक्षकाला तीन स्ट्रोक होईपर्यंत नजर हलवता येत नाही, आणि तेवढ्यात पाचव्या जागेवरच्या मुलीचे पाते इतरांपेक्षा किंचित उशिरा शिरते आहे, हे त्याच्या ध्यानात येते.