आदर, आज्ञा आणि ऋण

वडील माणसांचा आदर करणे हे मुलांचे कर्तव्य आहे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्नच आपल्यापैकी पुष्कळांस उद्धटपणाचा वाटतो. पूर्वी असे कोणी विचारीत नसे, हल्लीच्या शिक्षणाने मुलांची बुद्धी फिरली, असे उद्गार मग निघू लागतात. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. हा प्रश्न आपल्या प्राचीन ग्रंथांतच आहे, आणि तोही एका मुलाच्या निमित्ताने उपस्थित झाला आहे.

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा सर्वांस परिचित आहे. नचिकेत्याचा पिता सर्वस्वाचे दान करावयास निघाला आणि दानात त्याने गाई दिल्या त्या म्हाताऱ्या, भाकड, ज्यांचे शेवटचे दूधही काढून झाले होते अशा. मुलाला ते पाहवेना. ‘मला कोणाला देणार?’ असे त्याने एकदा, दोनदा, तीनदा विचारले. तेव्हा संतापलेला पिता म्हणाला, मृत्यूला. मुलगा खरोखरच यमाच्या दारी गेला, तेथे तीन रात्री उपाशी राहिला, आणि यमाने तीन वर दिले तेव्हा त्याने पहिला वर कोणता मागितला? आपल्या पित्याचा क्रोध शांत व्हावा, त्याचे मन निश्चिंत व्हावे, आणि आपण परत गेल्यावर त्याने आपणांस ओळखून प्रेमाने जवळ करावे. ब्रह्मविद्येचा प्रश्न तिसरा आला; पित्याची काळजी पहिली. पित्याचे दान खोटे आहे हे त्याला कळत होते; तरीही पित्याविषयीची आस्था तुटली नाही. आदर आणि आज्ञापालन ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या एका कथेत जितके स्पष्ट होते तितके पुष्कळ प्रवचनांतून होत नाही.

ह्या विषयावरील बराचसा वाद तीन गोष्टी एकत्र कालविल्यामुळे होतो. एक पोषण, दुसरी आज्ञापालन, तिसरी आदर. ह्या तिन्हींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पोषणाविषयी फारसा वाद नाही. ते कर्तव्य आहे आणि कायद्यानेही तसे ठरविले आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध अथवा असमर्थ आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी ह्या दोघांवरही टाकली. विवाहित कन्येलाही ही जबाबदारी टाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये महाराष्ट्रातील एका पित्याच्या दाव्यात दिला. पुढे 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता नावावर करून दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची सोयही त्यात आहे. असा कायदा करावा लागला ही खेदाची गोष्ट खरी. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. न्यायाधिकरण दरमहा अमुक रुपये द्या असे फर्मावू शकते. संध्याकाळी आईजवळ घटकाभर बसा असे फर्मावू शकत नाही. जेथे कायद्याची सत्ता संपते तेथेच आदराचा प्रश्न सुरू होतो.

आता आज्ञापालन. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्यास निरोप देताना माता, पिता, आचार्य व अतिथी ह्यांस देवासमान मानण्यास सांगतो. हा भाग प्रत्येक समारंभात सांगितला जातो. परंतु त्याच उपदेशात तो लगोलग असेही सांगतो की, आमचे जे सदाचरण असेल तेवढ्याचेच तू अनुकरण कर, इतराचे नको. हा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही! देवासमान मानावयाचे, आणि तरीही बरेवाईट पारखून घ्यावयाचे, असा तो दुहेरी आदेश आहे. महाभारतात युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर कवच उतरवून, शस्त्र खाली ठेवून, पायी शत्रुसैन्यात शिरतो आणि भीष्मद्रोणांस वंदन करून त्यांच्याशीच लढण्याची अनुज्ञा मागतो. मतभेद ह्याहून टोकाचा असू शकत नाही. तरी नमस्कार चुकला नाही. मुलाने व्यवसाय कोणता करावा, मुलीने विवाह कोणाशी करावा, अशा प्रश्नांवर ज्या घरांत वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, त्या घरांतील वडिलांनी व मुलांनी हा प्रसंग एकदा आठवावा. ‘नाही’ म्हणणे हा अनादर नव्हे. ते कोणत्या स्वरात म्हटले, आणि म्हटल्यानंतर भेटीस येणे चालू ठेवले की नाही, ह्यावर अनादर ठरतो.

राहिला आदर. तो कशासाठी करावयाचा? सर्वसाधारण उत्तर असे की, आईवडिलांनी खस्ता खाल्ल्या, त्यांचे ऋण आहे. ह्यावर आजची तरुण मुले एक आक्षेप घेतात: आम्ही जन्म मागितला नव्हता, जे कर्ज आम्ही काढले नाही ते आमच्या डोक्यावर कसे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. किंबहुना आपल्या परंपरेतील ऋणाची कल्पना नीट पाहिली तर ती ह्या मुलांच्या समजुतीपेक्षा वेगळी आहे. वैदिक वाङ्मयात तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते, देवऋण यज्ञाने, आणि पितृऋण संततीने. म्हणजे पितरांचे देणे पितरांस परत करावयाचे नसून पुढच्या पिढीस द्यावयाचे आहे. आईबापांनी आपल्यावर किती खर्च केला ह्याची खतावणी मांडून तेवढा आदर मोजून देणे, हा ह्या कल्पनेचा अर्थ नव्हेच. तसा तो असता तर गरीब बापाच्या वाट्यास आदर कमी आला असता.

मग आदराचा आधार कोणता? आमच्या मते तो असा. आपण असहाय होतो तेव्हा आपल्यावर ज्यांची सत्ता होती, तेच आता असहाय होतात आणि सत्ता आपल्याकडे येते. पैसा, औषध, दूरध्वनी, बँकेचे पुस्तक सारे आपल्या हाती. ह्या फिरलेल्या सत्तेचा उपयोग माणूस कसा करतो, ही त्याची खरी परीक्षा आहे. तीच गोष्ट पुन्हा सांगणाऱ्या वृद्धाचे बोलणे न तोडता ऐकणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे न बोलणे, त्याच्या घराविषयीचा निर्णय त्याला विचारून घेणे, ह्याला आदर म्हणावे. दसऱ्याला सोने देऊन वाकणे सोपे आहे.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत आदराचे कर्तव्य मुलाचे असते आणि ते पार पाडते सून. मुलगा ‘माझ्या आईकडे पाहा’ असे सांगून कचेरीत जातो. 2007 च्या कायद्यातील अपत्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात ह्यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. सून प्रेमाने जे करील ते तिचे मोठेपण. पण मुलाने आपले कर्तव्य तिच्या पदरात टाकून स्वतः मातृभक्त म्हणवून घेऊ नये.

ज्यांच्या आईबापांनी त्यांना खरोखर छळले, टाकून दिले, त्यांचे काय? अशांस भक्तीचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. प्रल्हादाने पित्याची आज्ञा मोडली म्हणून त्यास कोणी दोष देत नाही. मात्र भागवतात त्याने शेवटी पित्याच्या शुद्धीसाठी प्रार्थना केली, हेही सांगितले आहे. ज्याला तेवढे जमेल तो धन्य. ज्याला जमणार नाही त्याने अन्नवस्त्रात उणे पडू दिले नाही आणि सूड उगविला नाही, तरी पुरे. अंतर राखणे हेही कधीकधी मर्यादा राखणेच असते.

आणि वडिलांनीही एक ध्यानात घ्यावे. केस पिकले म्हणून कोणी वृद्ध ठरत नाही, असे मनुस्मृतीच म्हणते. आदर मागून मिळत नाही, पण मुलांनी तो शिकावा कोठून? आपण आपल्या म्हाताऱ्या आईशी, घरच्या मोलकरणीशी, दारी आलेल्या वृद्धाशी कसे बोललो, हे मुले लहानपणी ऐकत असतात. त्यांच्या कानांवर जे पडले असेल तेच पुढे आपल्या कानांवर येईल. म्हणून मुलांचे कर्तव्य कोणते, हे सांगण्यापूर्वी प्रत्येक वडिलाने आपल्या बोलण्याकडे एकदा लक्ष द्यावे, आणि प्रत्येक मुलाने आज घरी जाऊन आईवडिलांपाशी, काही काम नसताना, थोडा वेळ बसावे.