पहिला बाण, दुसरा बाण
ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, गुडघे छातीशी घेऊन ती पडून आहे. तिला एंडोमेट्रिओसिस आहे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे.

पाली सल्लसुत्तात बुद्ध दोन बाणांचा दाखला देतात: एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने मांडलेल्या आकांताचा. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांना जे ध्यान शिकवलं, तेही बौद्ध परंपरेतूनच आलेलं. श्वास सावकाश सोडला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते, आवळलेले स्नायू सैलावू शकतात.

पण ‘मनावर घेऊ नकोस’ हे तिने घरात कितीदा ऐकलेलं! बुद्धांनी पहिला बाण खोटा म्हटला नव्हता. त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या असतात, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पिशवी निवते, ती पुन्हा पाणी तापत ठेवते.