पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाला एक, दुसऱ्याला दुसरे वाढणे पाप, हे इंदूरच्या आमच्या घरात आजीने शिकवले. नातीला सीलिअ‍ॅकचा आजार निघाला. उपाय एकच, जन्मभराचे पथ्य. वेगळा तवा, वेगळी परात आली. गहू, जव वर्ज्य. बाजारच्या पुष्कळशा हिंगात गव्हाचे पीठ असते, म्हणून तोही बंद. तरी होळीला ‘एवढ्याशाने काय होते?’ म्हणत मी तिला पुरणपोळीचा घास भरवला. माझे मन राखायला तिने खाल्ला आणि दोन दिवस पोट धरून पडली. त्या घासात तिची भूक नव्हती, माझा हट्ट होता.

आजीच्या सोवळ्याने माणसे दुरावत. सूनबाईंच्या या सोवळ्यामुळे पोर पंगतीत बसते. ताटे सारखी नसोत, जेवून सगळ्यांनी निर्धास्त उठावे. याला पाप कसे म्हणू?